वायकिंग विरुद्ध सामुराई: संगणकाचा ५२२-४७८ हा निकाल कितपत ग्राह्य धरावा?

मूळ प्रश्न (जिज्ञासू वाचक)

अमेरिकेतील स्पाइक टीव्हीवर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डेडलिएस्ट वॉरियर’ या मालिकेत वायकिंग (उत्तर युरोपातील दर्यावर्दी योद्धा) आणि सामुराई (जपानी योद्धा) यांची लढत संगणकावर एक हजार वेळा लावण्यात आली आणि ५२२ लढती जिंकणाऱ्या सामुराईला विजेता घोषित केले गेले. त्याआधी जाणकार शस्त्रे चालवून दाखवतात, मांसासारख्या मऊ जेलीच्या पुतळ्यांवर घाव घालून जखमांची तीव्रता तपासली जाते आणि ती माहिती संगणक प्रणालीत भरली जाते. इतके मोजमाप झाल्यावर निकाल शास्त्रीय मानावा, असे माझे मत होते. मात्र तीच लढत हजार वेळा का लावावी लागते, आणि ४४ लढतींच्या आघाडीला काही अर्थ आहे का?

प्रतिसाद १ (संख्याशास्त्राची विद्यार्थिनी)

प्रत्येक घाव बसला की हुकला, हे प्रणालीत यादृच्छिक (फासा टाकल्यासारख्या, आधी न सांगता येणाऱ्या) संख्येवरून ठरते, त्यामुळे एकाच लढतीचा निकाल हा निव्वळ योगायोग असू शकतो. हा योगायोग सरासरीत विरून जावा म्हणून लढत पुन्हा पुन्हा लावतात. याच मॉन्टे कार्लो पद्धतीचा पाया १९४०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामोस या अण्वस्त्र प्रयोगशाळेत उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी विखंडनक्षम पदार्थात न्यूट्रॉन कसे पसरतात, याच्या अभ्यासासाठी घातला होता.

आता आघाडीबद्दल. दोन्ही योद्धे अगदी तुल्यबळ असले, तरी हजार लढतींमध्ये दोघांपैकी कोणा एकाला ५२२ किंवा त्याहून अधिक विजय मिळण्याची शक्यता साधारण सहात एक असते. म्हणजे या आकड्यावरून सामुराई सरस होता, असे म्हणता येत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला. त्यात जो आधी पाच घाव घालील तो जिंकला, एवढाच नियम ठेवला. पुढचा घाव ‘अ’चा असण्याची शक्यता ५० टक्के धरली, तेव्हा हजारात सुमारे ५०० विजय त्याच्या वाट्याला आले, तीच ५५ टक्के केल्याबरोबर विजय ६२०च्या आसपास गेले. शक्यता पाच टक्क्यांनी बदलली आणि निकाल बारा टक्क्यांनी सरकला. स्थिर पुतळ्यावर तलवार चालवून ही शक्यता पाच टक्क्यांच्या आत कोणालाही मोजता येणार नाही, कारण पुतळा अंग चोरत नाही आणि ढाल पुढे करत नाही.

प्रतिसाद २ (दांडपट्टा)

मला याहून मोठी अडचण इतिहासात दिसते. वायकिंग काळ साधारणपणे ७९३ मधील इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावरील हल्ल्यापासून १०६६ पर्यंत धरतात, तर ज्या कताना तलवारीमुळे सामुराई आपल्याला ओळखीचा वाटतो, ती त्यानंतर काही शतकांनी रूढ झाली. वायकिंगांच्या समकालीन जपानी योद्ध्याची खरी ओळख घोड्यावरून बाण सोडणारा धनुर्धर अशी होती. त्याला घोड्यावरून उतरवून कुऱ्हाडीसमोर उभे केले की त्याचे मुख्य कौशल्यच आपण हिशेबातून काढून टाकतो.

१०६६ मध्ये इंग्लंडमधील स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा हाराल्ड पडला. सागांमध्ये (जुन्या नॉर्डिक वीरकथांमध्ये) असे सांगितले आहे की, त्या दिवशी उकाडा असल्यामुळे त्याच्या सैनिकांनी चिलखते जहाजांवरच ठेवली होती. एखाद्या प्रणालीने चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये घेतली, तरी ते अंगावर होते की नाही, हे तिला कोण सांगणार?

मूळ प्रश्नकर्ता

मग लढतींची संख्या वाढवली तर काही फरक पडेल का?

प्रतिसाद १ (संख्याशास्त्राची विद्यार्थिनी)

योगायोगाचा भाग कमी होईल: हजार लढतींना साधारण तीन टक्के इकडे-तिकडे, तर पाच हजारांना दीड टक्का. गृहीतकातली चूक मात्र दहा लाख लढतींनंतरही तशीच राहील. म्हणून प्रत्येक शक्यतेसाठी एकच आकडा न देता, ४५ ते ५५ टक्के असा पल्ला द्यावा आणि दर लढतीआधी त्यातून नवा आकडा उचलावा, शिवाय पल्ल्याच्या दोन्ही टोकांना विजेता बदलतो का, हेही तपासावे. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो प्रत्येक वेळी बदलला.