पोकलेन पोटावर बसलंय, दुसऱ्या मशीनने ओढू का?

गाळातला:
तलावाचा गाळ काढायचं काम चालू आहे. काल दुपारी ऑपरेटर वाळून भेगा पडलेल्या जागेवर गेला. वरून टणक दिसत होती, पण सहा-सात मीटर आत गेल्यावर पापुद्रा फुटला आणि खाली नुसता लगदा. मशीन २० टनी, चेनच्या पट्ट्या ६०० मिमीच्या. त्याने घाबरून मागे यायला दोन्ही लिव्हर ओढून धरले. चेन जागेवरच फिरली आणि मशीन खाली खाली गेलं. आता डावी चेन पूर्ण गडप आहे, उजवी वरच्या रोलरपर्यंत (चेनची वरची बाजू ज्यावर टेकते ते छोटं चाक), आणि मधली फ्रेम टेकली आहे. इंजिन, हायड्रॉलिक व्यवस्थित. रात्रीतून पाणी वीतभर चढलंय.

घट्ट काठ तिथून १२ मीटरवर आहे आणि काठावर तेवढंच दुसरं मशीन उभं आहे. फ्रेमला जे भोक असतं त्यात तार अडकवून उद्या सकाळी ओढायचा विचार आहे. चालेल का?

बिनधास्त:
चालेल की. तार थोडी ढिली ठेवायची, मागच्या मशीनने पळत येऊन हिसका द्यायचा. दोन-तीन हिसक्यात येतं.

जुना लिव्हरवाला:
हिसका अजिबात नको. मी एकदा असाच हिसका दिला होता. मी ओढणाऱ्या मशीनवर होतो. तार टिकली, शॅकलची (तार अडकवायच्या लोखंडी कडीची) पिन तुटली आणि शॅकल माझ्या केबिनच्या डाव्या खांबात येऊन बसलं. काचेपासून चार बोटं. मालकाने खांब बदलायला काढला तेव्हा मी जुना मागून घेतला. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी तो हातात देतो.

ते भोकही विसरा. ते हलक्या ओढकामासाठी असतं, रुतलेल्या मशीनसाठी नाही. तुमच्या मशीनचं पुस्तक काढा, त्यात भोकाची मर्यादा लिहिलेली असते.

आता हिशोब बघा. लष्करात रुतलेली वाहनं काढताना एक जुना अंदाज वापरतात: चाकापर्यंत रुतलं तर वजनाइतका ओढ लागतो, मडगार्डपर्यंत गेलं तर दुप्पट, केबिनपर्यंत गेलं तर तिप्पट. तुमचं मशीन पोटावर आहे, म्हणजे दुप्पट धरा, ४० टन. काठावरचं मशीन कागदावर २० टनांच्या आसपास ओढेल, तेही चेन घसरली नाही तर. ओल्या काठावर ती घसरणारच, आणि मग दोन मशीनं काढायची वेळ येईल.

हे मशीन नुसत्या वजनाने अडकलेलं नाही. पोटाखालच्या गाळाने ते चोखून धरलंय. खाली हवा किंवा पाणी शिरल्याशिवाय तो सोडत नाही. म्हणून आधी सोडवा, ओढायचं नंतर.

आज रात्रीच पंप लावा. पाणी उतरलं तर अर्धं काम झालं. सकाळी काठावरच्या मशीनसमोर ओंडक्यांचा रस्ता घाला, आडवे, एकमेकांना चिकटून. २० टनी मशीनचा हात जेमतेम ९-१० मीटर जातो, त्यामुळे त्याला तीन-चार मीटर पुढे यावंच लागेल. त्याने दोन्ही चेनच्या बाहेरच्या बाजूने चर काढायचे आणि काठाकडच्या बाजूला उतार करून द्यायचा. चेनला बकेट लागू देऊ नका.

मग रुतलेल्या मशीनवर तुमचा सगळ्यात शांत माणूस बसवा, कालचा नको. वरचा भाग डावीकडे आडवा फिरवायचा. बकेटखाली ओंडक्यांचा पाट, नाहीतर बकेटच रुतते. बूम (हाताचा केबिनकडचा भाग) आणि आर्म (बकेटकडचा भाग) यांच्यात ९० ते ११० अंशांचा कोन ठेवायचा, बकेटची गोल बाजू टेकवायची, दात नाही, आणि हळूहळू दाबायचं. बराच वेळ काहीच होत नाही. ऑपरेटरला वाटतं जोर कमी पडतोय, तिथेच तो चुकतो. दाब धरून थांबायचं. खालून ‘पच्च’ असा लांबट आवाज येतो आणि मशीन हातभर उठतं. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

उठलेली चेन मोकळी फिरवून चिखल झाडायचा, ती थांबली की लांब काठीने ओंडके आडवे सारायचे. उठलेल्या चेनखाली माणूस जाता कामा नये, हात सुद्धा नाही. डावी उचलताना उजवी आणखी दबते, म्हणून एका दमात सगळी उंची घेऊ नका. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.

शेवटी तोंड काठाकडे करून आर्म लांब टाका, बकेट ओंडक्यांवर टेकवा आणि आर्म आत ओढत ओढत चेन फिरवा. मशीन तोंडाने आत गेलं होतं ना? मग आता वरचा भाग उलटा झालेला असेल. काठ नाकासमोर दिसेल, पण तिकडे जायला लिव्हर मागे ओढावे लागतील. गाळात स्प्रॉकेट (चेनचं मागचं दातेरी चाक, त्यावरून दिशा कळते) दिसत नाही, माणूस सवयीने लिव्हर पुढे ढकलतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. केबिनच्या काचेवर खडूने बाण काढून ठेवा. हसू नका, आम्ही काढतो.

एवढ्यावर आलं नाही तरच तार. ती फ्रेमला वेढून, कोपऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे, तारेचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे. ढील आधी हळू काढून घ्या, मग सलग ओढ, आणि त्याच वेळी रुतलेल्याची चेनही फिरती हवी. तारेच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं नको, मालकसुद्धा.

ग्रीसचा हात:
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. कुणी चेनला ओंडका बांधून फिरवायला सांगेल. तसं निघतं, पण ओंडका वळून वर आला की फ्रेम आणि होजेसचा (तेलाच्या नळ्यांचा) चुरा करतो. मी दोन ट्रॅव्हल मोटरच्या होज अशाच बदलल्या आहेत.

पाणी वरच्या रोलरच्या मध्यापर्यंत चालतं, तुमची डावी बाजू त्याखाली गेली आहे. बाहेर आल्यावर लगेच कामाला लावू नका. दोन्ही फायनल ड्राइव्हचं (चेन फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं) तेल थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर सगळं बदला. स्विंगचं (वरचा भाग जिथे फिरतो तिथलं) ग्रीसही तपासा. चेनमधला चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की चेन ताणली जाते.

गाळातला:
निघालं. सकाळी सातला सुरुवात, दुपारी दोनला काठावर. तार गाडीतून काढलीच नाही.

पंपाने रात्रीत गुडघाभर पाणी उतरलं. पहिल्यांदा बकेट पाटासकट खाली गेली, ओंडके दुप्पट केले. दुसऱ्यांदा ऑपरेटरने दाब धरला, दोन-तीन मिनिटं काही नाही, तो माझ्याकडे बघायला लागला. मी हाताने ‘थांब’ म्हणालो. मग तो आवाज आला. लिव्हरवालेकाका, खरंच विसरणार नाही.

काचेवर बाण काढला होता. तरी शेवटी एकदा त्याने लिव्हर पुढे ढकलले, मशीन पुन्हा फूटभर आत. काठावरून सगळेच ओरडलो.

डाव्या फायनल ड्राइव्हचं तेल दुधाळ निघालं, उजव्याचं स्वच्छ. सील उद्या उघडतोय.