मदत हवी आहे: फिन प्लेटच्या जॉइंटला फ्लँजही वेल्ड करावी का? (रबाळे, मेझनाइन)

ऐरोलीकर
रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात मेझनाइन (मधला अर्धमजला) चढतंय. मेन गर्डर आयएसएमबी 450 (आय आकाराचा लोखंडी सेक्शन, आकडा म्हणजे मिमीत उंची), त्याला दर 2 मीटरवर आयएसएमबी 300 चे 6 मीटरचे बीम, माथा एका पातळीत. ड्रॉइंगप्रमाणे गर्डरच्या वेबला (आयच्या मधल्या उभ्या पट्टीला; वर-खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लँज) 8 मिमी फिन प्लेट (वेल्ड केलेली उभी प्लेट, तिला बीमची वेब बोल्टने बसते) आणि 4.6 ग्रेडचे तीन एम20 बोल्ट. टोकाची फॅक्टर्ड रिअॅक्शन (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला, टोकावर येणारा भार) 72 किलोन्यूटन. फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, तीन बोल्टांवर काय राहणार? फ्लँजपण वेल्ड मारून टाकू." मारू द्यावं का? कडेच्या गर्डरला बीम एकाच बाजूने आहेत.

नटबोल्ट
कडेच्या गर्डरला तर अजिबात नको. आत्ताचा मार्ग सरळ आहे: बीमची वेब, बोल्ट, प्लेट, प्लेटचं वेल्ड, गर्डरची वेब. यातून फक्त शिअर (उभा कातर भार) जातो आणि बीमचं टोक थोडं फिरू शकतं. फ्लँज जोडली की टोकाला मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. आतल्या गर्डरवर दोन्हीकडचे मोमेंट बऱ्यापैकी एकमेकांना तोलतात. कडेला तो गर्डरला पिळतो, आणि आय सेक्शन पिळाला फार कमकुवत. शिवाय 300 ची खालची फ्लँज 450 च्या वेबवर मधेच टेकणार. तिथे मागे स्टिफनर (आधाराची पट्टी) नाही, म्हणजे वेब दाबली जाणार.

बोल्ट पुरतात. पण 72 भागिले 3 करून थांबू नका, ही चूक सर्रास होते. गर्डरची वेब आणि बीमचं टोक यांत 10 मिमी फट आणि टोकापासून बोल्टपर्यंत 40 मिमी कड, म्हणजे बोल्टांची ओळ गर्डरच्या वेबपासून 50 मिमीवर. मोमेंट 3.6 किलोन्यूटन मीटर. पिच (बोल्टांमधलं अंतर) 70 मिमी असेल तर वरच्या-खालच्या बोल्टवर आडवे 25.7, उभे 24, मिळून साधारण 35 किलोन्यूटन. आयएस 800:2007 (लोखंडी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे एका बोल्टची शिअर क्षमता, आटे शिअरच्या पातळीत धरूनही, 45 किलोन्यूटन आहे. प्लेटला दोन्ही बाजूंनी 6 मिमी फिलेट (कोपऱ्यातलं तिकोनी वेल्ड), 220 मिमी लांब, पुरेसं.

खाचखळगे
माथा एका पातळीत आहे म्हणजे बीमची वरची फ्लँज कापावी लागणार. लक्ष तिथे द्या. खाचेचा आतला कोपरा काटकोनात कापला तर तिथूनच तडा सुरू होतो. आधी भोक पाडून मग कापा, कोपरा गोल राहतो. वेबचा तुकडा बोल्टांसकट फाटून निघणार नाही ना, म्हणजे ब्लॉक शिअर, तेही कन्सल्टंटकडून तपासून घ्या. आणि भोक जुळत नाही म्हणून गॅसने मोठं करू देऊ नका. 22 मिमीचं भोक ओढून-ताणून 26 चं झालं की कड उरत नाही आणि तो बोल्ट भार घेईपर्यंत सगळा भार बाकीच्या दोघांवर येतो.

ऐरोलीकर
कडेच्या गर्डरवरच्या दोन बीमना वरच्या फ्लँजला टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारून झालेत.

नटबोल्ट
बीमला खालून टेकू द्या, तिन्ही बोल्ट भरून घट्ट करा, मगच ग्राइंडरने टॅक काढा. गर्डरच्या फ्लँजला खरवड पडली तर गुळगुळीत घासून प्रायमर लगेच लावा, खाडीच्या हवेत उघडं लोखंड दोन दिवसांत लाल होतं. स्लॅबची डेकशीट (काँक्रीटखालचा पत्रा) त्याआधी अंथरू नका.