मदत हवी आहे: माती रिपोर्टात स्फुरद (फॉस्फरस) 'अत्यंत जास्त', तरी गावच्या सेवा सोसायटीतून डीएपी हे स्फुरदाचंच खत उचलायचं का?

नमस्कार, कागल तालुक्यातनं लिहितेय. घरची अडीच एकर नदीकाठची मळी, ऊसच असतो. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळं रान आणि सोसायटीचं सगळं मी आणि सासरे (मामा) बघतो.

औंदा आडसाली लावण (पावसाळ्यात लावायचा ऊस) करायची म्हणून खोडवा (आधीच्या उसाचं फुटव्याचं पीक) गेल्या गेल्या माती तपासून घेतली. आधीची मातीची आरोग्य पत्रिका होती घरात, फुकट मिळालेली, पण त्यात बागायतीला अडीच हेक्टरला मिळून एक नमुना धरतात म्हणजे सव्वासहा एकराला एक, आणि तो नमुना गेला वरच्या मुरमाड रानातला, आमची जमीन काळी, मग त्या कार्डाचा आम्हाला काय उपयोग. म्हणून स्वतः नमुना काढला, बांध, झाड, उकिरडा सोडून सात-आठ ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घेऊन, सावलीत वाळवून, अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून फी भरून दिली. फीबद्दल तक्रार नाही. मामांच्या जुन्या पावतीवर साध्या नमुन्याला ३५ रुपये आहेत, आता थोडे जास्त गेले तरी एका डीएपीच्या पोत्यापुढं ते काहीच नाहीत.

रिपोर्ट असा: सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद अत्यंत जास्त, पालाश मध्यम, जस्त कमी. स्फुरद का वाढलंय ते मामांनीच सांगितलं, वर्षानुवर्षं लावणीला डीएपी आणि भरणीला (उसाला माती लावताना) १०:२६:२६, दोन्ही स्फुरदाची खतं, कधी मोजलंच नाही.

आता खरी अडचण. सोसायटीच्या पीककर्जात रोख वेगळी आणि खताचा वाटा वेगळा. सचिव म्हणतात खताचा वाटा खतातच उचला, आणि गोडावनात डीएपी आणि १०:२६:२६ सोडून काही नाही. नको म्हटलं तर तेवढी मंजुरी सोडून द्या म्हणतात. तीन लाखापर्यंत मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं म्हणून गावात कोण बोलत नाही, पण मुद्दल तर उसाच्या बिलातनंच कापून जातंय की! नको असलेल्या खताचं कर्ज आम्ही का डोक्यावर घ्यायचं? त्या वाट्यात युरिया, पोटॅश, झिंक मागता येतं का? अर्ज कुणाला करायचा? आणि दुकानदार कॅम्प लावून माती फुकट तपासून देतात त्याचा रिपोर्ट अशा कामाला चालतो का? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, जुलैत लावण आहे.

प्रतिसाद १
ताई, आधी हिशोब कागदावर मांडा, मग बोलायला जोर येतो. आडसालीची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे एकरी १६०:६८:६८. स्फुरद अत्यंत जास्त असेल तर तो डोस निम्मा करतात, म्हणजे एकरी ३४ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद, तेव्हा तीनऐवजी दीड पोतं पुरतं. १३५० रुपयांच्या भावानं एकरी दोन हजार वाचले, अडीच एकराला पाच हजार. फक्त डीएपीतनं नत्र पण येतं, दीड पोतं कमी केलं की साडेतेरा किलो नत्र कमी पडतं, ते युरियानं भरून काढा, पाऊण पोतं सुद्धा लागत नाही. तुमचं नत्र आधीच कमी आहे, तिथं काटकसर नको.

अर्ज संस्थेच्या चेअरमनच्या नावानं द्या, रिपोर्टची झेरॉक्स जोडून, कोणती खतं किती पोती हवीत ते लिहून, आणि पोच घ्या. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. तोंडी बोललेलं गोडावनातच राहतं. आणि हे खताची मागणी वर जायच्या आधी करा, गाडी उतरल्यावर काही बदलत नाही, आमच्याकडं असंच झालं होतं. रिपोर्ट प्रयोगशाळेचा सही-शिक्क्याचाच जोडा. माल विकणाऱ्यानंच तपासलेली माती मी तरी धरणार नाही.

प्रतिसाद २
जस्त कमी दाखवतंय त्याकडं दुर्लक्ष करू नका. स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त लागू होत नाही, त्यात सामू ८ च्या वर. झिंक सल्फेट एकरी ८ किलो, नुसतं टाकू नका, दहापट शेणखतात मुरवून द्या. कर्बासाठी लावणीआधी हिरवळीचं खत म्हणून ताग गाडता आला तर बघा, आणि पाचट पेटवू नका.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. ताग पेरलाय, अजून गुडघ्याएवढाच आहे. मामांना हिशोब वाचून दाखवला, ते म्हणाले पाच हजारात शेणखताच्या ट्रॉलीला हातभार लागंल. सोमवारी अर्ज देते. एक राहिलं, पोच द्यायला नाही म्हटले तर स्पीड पोस्टानं पाठवलेलं चालतं का?