सदाफुलीची पानं म्हणजे औषध का?

रामबागकरीण: इंदूरला रामबागेत माझी आत्या राहते. तीन महिने ती रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच पानं चावून खात होती. "डायबिटीस मुळापासून जातो," असं शेजारणीनं सांगितलं आणि हिनं गोळ्या बंद केल्या. परवा ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, शुगर ३८० निघाली.

झाडात औषध असतं, पण म्हणून झाड चावून खाणं म्हणजे औषध घेणं नव्हे. याच सदाफुलीवर १९५० च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठीच प्रयोग झाले. उंदरांची साखर काही उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून विनब्लास्टीन हे कॅन्सरवरचं औषध हाती लागलं, मागोमाग विनक्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही विनक्रिस्टीन देतात. काही शे किलो वाळलेल्या पानांतून विनब्लास्टीन निघतं जेमतेम ग्रॅमभर. आत्याच्या पाच पानांत काय होतं, कोण सांगणार?

वैद्यांचा नातू: ताई, आत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण तुमचा निष्कर्ष पटला नाही. सर्पगंधेचं मूळ वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर निबंध छापला, तो सर्पगंधेच्या मुळावरच. त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं १९५२ साली. गुण आधी आला, रसायन मागून सापडलं!

नीमचची लेक: दादा, वकिलांनी मूळ दिलं ते मापून, रोग्याचा रक्तदाब बघत बघत. माझं माहेर अफूवाल्यांचं. दुपारी बोंडांना चिरा द्यायच्या, सकाळी चीक खरवडायचा. त्याच चिकातून मॉर्फीन, कोडीन निघतं. बोंडं दिसायला सगळी सारखी, पण चिकातलं मॉर्फीन वावरागणिक वेगळं. आता तर परवानाही मॉर्फीनच्या हिशोबानंच मिळतो. मग पानं मोजून कसं चालेल?

वैद्यांचा नातू: मापाचं मान्य. आजोबाही तराजू घेऊनच बसत. पण गोळ्या बंद करा, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या आत्यांना सांगणारी शेजारीण होती, वैद्य नव्हे.

रामबागकरीण: हे मात्र खरं. पण दादा, त्या शेजारणीनं ते ऐकलं होतं एका काढेवाल्याकडून, आणि त्याच्या दारावर पाटी वैद्याचीच आहे.