कमिशनिंगला (यंत्रणा तपासून चालू करायच्या कामाला) सॉफ्टवेअर घ्यावं की एक्सेलवरच रेटायचं?

रबाळेकर: महापेला डेटा सेंटरचं काम चालूय, 4 हजारच्या आसपास टॅग (प्रत्येक उपकरणाचा नंबर) आहेत आणि चेकशीट अजून एक्सेलमध्येच, तिघांकडे तीन व्हर्जन, काल एकाच पॅनलचं मेगरिंग (इन्सुलेशनची टेस्ट) दोनदा झालं राव. काय घेऊ?

तळोजावाला: डेमो ऑफिसात नको, बेसमेंटमध्ये बघा. आमच्याकडे खाली रेंजच नव्हती, पोरं कागदावर लिहायची आणि रात्री टॅबमध्ये भरत बसायची. ऑफलाइन चालतं का ते आधी विचारा. आणि पंच लिस्टमधला (उरलेल्या कामांच्या यादीतला) ए कॅटेगरीचा, म्हणजे चालू करण्याआधी मिटवायलाच हवा असा पॉइंट उघडा असेल तर पॅनल चार्ज करायचं (त्यात वीज सोडायचं) सर्टिफिकेट निघताच कामा नये, नाहीतर दबाव आला की कोणीतरी सही मारतंच.

ठाण्याचा_लूपचेकवाला: डेटा सेंटरला सीएक्सअलॉय हे कमिशनिंगचं सॉफ्टवेअर बघा, प्रोसेस प्लांट असता तर हेक्सागॉनचं स्मार्ट कम्प्लीशन्स म्हटलं असतं. पण टॅग सबसिस्टिमप्रमाणे (एकत्र चालू होणाऱ्या गटांप्रमाणे) लावलेत ना? बांधकाम एरियाप्रमाणे होतं, चालू करताना पंप, त्याचा फीडर, त्याचा ट्रान्समीटर सगळं एकत्र लागतं.

रबाळेकर: मजल्याप्रमाणे लावलेत 😅 म्हणजे परत लावण्यात शनिवार-रविवार गेलाच.

तळोजावाला: हँडओव्हरची फाइल एका क्लिकवर पीडीएफ निघते का तेही बघा हां.