चित्रांची पुस्तकं ‘पुस्तकं’ नव्हेत म्हणणाऱ्यांना

कोयनाकाठ (कराड)
काल इथं ‘माजी कार्यवाह’ यांनी लिहिलं, की वाचनालयाच्या बालविभागाला पन्नास हजारांची देणगी आलीय, पण त्यातून कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्या घ्यायच्या नाहीत, कारण ‘मुलं चित्रं चाळतात, वाचत नाहीत’. खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथं उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

काका, तुमचा बालविभाग मी बघितलाय. संस्कारकथा, थोरांची चरित्रं. एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नाही. कपाटाला कुलूप, किल्ली मागायची तर पोरानं आधी कारण सांगायचं. खरेदी समितीत सगळे साठीच्या पुढचे. नातवंडांनी काय वाचायला पाहिजे ते तुम्ही विकत घेता, ती काय वाचतील ते नाही.

आणि चित्रकादंबरीला डोकं लागत नाही हे कुणी ठरवलं? माणूस बोलतो एक, चेहरा सांगतो दुसरंच, आणि दोन चौकटींच्या मधे काय घडलं ते पोराला स्वतः जुळवावं लागतं. अमेरिकेत 1922 पासून बालसाहित्याचं न्यूबेरी पदक देतात. ते चित्रकादंबरीला पहिल्यांदा मिळालं 2020 साली, जेरी क्राफ्टच्या ‘न्यू किड’ला. म्हणजे तिकडच्या ग्रंथपालांनाही शंभरएक वर्षं लागलीच. तुम्ही जरा घाई करा.

माजी कार्यवाह (सातारा)
अमेरिका आम्हाला नको. इंद्रजालचा वेताळ आम्हीही दप्तरात लपवून वाचलाय, पण खाऊच्या पैशानं, वाचनालयाच्या नाही. माझा नातू चौथीत आहे, जोडाक्षर आलं की अडखळतो. का? फुग्यात तीन शब्द, त्यातला एक ‘धडाम’. आणि मराठीत आहे काय? अमर चित्र कथा सोडून चार नावं सांगा. बाकी सगळी इंग्रजी, पाचशे-सातशेला एक. ती घेतली की कॉन्व्हेंटची पोरं वाचणार आणि जिल्हा परिषदेची बघत बसणार. उगाच विलायती खूळ.

खटावकर
विलायती? काका, तुम्ही सातारचे ना? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1916 साली चित्ररामायण काढलं. स्वतः राजा, स्वतः चित्रकार. औंधचं संग्रहालय लांब नाही, एकदा जाऊन या.

विट्याची बाई
शाळेत शिकवते म्हणून बोलते. आमच्याकडं गलाईवाल्यांची, म्हणजे परराज्यांत जाऊन सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, मुलं येतात. एक मुलगा चौथीपर्यंत तमिळनाडूत होता. मराठी फाडफाड बोलायचा, वाचायला मात्र शून्य. बालभारतीची पाठ्यपुस्तकं समोर ठेवली की पोटात दुखायचं. ‘किशोर’च्या जुन्या अंकांतल्या चित्रकथा हातात दिल्या. आधी चित्रावरून अंदाजानं बोलायचा, मग फुग्यावर बोट ठेवून खरंखोटं करायला लागला. दिवाळीनंतर अख्खा अंक घरी नेला, परत आणला नाही, मी मागितलाही नाही.

जोडाक्षरांचं काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, नुसत्या फुग्यांवर मूल थांबू नये. मराठी कमी आहेत हे तर पूर्णच खरं. पण कोयनाकाठ, तुम्हीही सरसकट बोलताय. चित्रं दिसली की ‘लहान मुलांचं’ म्हणून टाकतात. ‘माउस’ या चित्रकादंबरीला 1992 साली पुलित्झर मिळालं, पण ते ज्यूंच्या छळछावणीचं पुस्तक. एका ठिकाणी मी ते मुखपृष्ठावरचे उंदीर बघून पहिली-दुसरीच्या खणात लावलेलं पाहिलंय. आठ वर्षांचं आणि बारा वर्षांचं वेगळं ठेवा, पुठ्ठ्यावर रंगीत पट्टी लावा. मालिका असेल तर सगळे भाग एकदम घ्या, नाहीतर तिसरा भाग हरवला की चौथ्याला कुणी हात लावत नाही.

आयर्विनखाली (सांगली)
कुणी कागदाचा विचार केलाय का? 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. मुलांची कपाटं बुटकी, म्हणून आधी तीच बुडाली. साधा कागद वाळवला की निदान वाचता येतो. गुळगुळीत आर्ट पेपर भिजला की पानाला पान चिकटतं, वीट होते. आमच्या गल्लीतल्या वाचनालयानं रंगीत पुस्तकं ट्रॉलीनं टाकली. 2021 ला परत तेच. आधी माळा बांधा, मग चित्रं घ्या.

कोयनाकाठ
मग पोरांनी शिडी लावून पुस्तकं काढायची?

पेठेतला
पुस्तकं, माळा, पट्ट्या! अहो, बालविभागाची खोली आहे कुठं? आमच्याकडं ती ‘अभ्यासिका’ झाली. एमपीएससीवाले सकाळी सहाला जागा धरतात, पोरगं खोकललं तरी वळून बघतात. बालविभाग म्हणजे आता जिन्याखालचं कपाट.

सीट क्रमांक 14
वळून बघणाऱ्यांपैकी मी एक. महिन्याची फी आम्ही भरतो, तुमच्या वाचनालयाचं वीजबिल त्यातून जातं. पुण्यात खोली घ्यायची ऐपत नाही म्हणून इथं बसतो. तुमची पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार, आम्ही बारा महिने.

पेठेतला
वाचनालय 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं मान्यता घेतं ते सार्वजनिक म्हणून. खुर्च्या भाड्यानं द्यायला नाही.

सीट क्रमांक 14
मग अनुदान वेळेवर आणा. ग्रंथपालाला महिन्याला काय मिळतं ते माहितीय का? आमच्यापैकी कुणी तलाठी झालं की पेढे घ्यायला हेच काका पुढं.

खटावकर
😂 पेढ्यांचं खरंय.

पेठेतला
हसा. चार वर्षं झाली एका मुलाला त्याच खुर्चीवर बघतोय. त्याला सांगायची कुणाची हिंमत नाही, आणि आठ वर्षांच्या पोराला मात्र ‘आवाज नको’!

सीट क्रमांक 14
तो मीच. धन्यवाद.

विट्याची बाई
पेठेतले दादा, हे नको होतं. कुणाच्या खुर्चीची वर्षं मोजू नये.

माजी कार्यवाह
धागा कुठल्या कुठं गेला. बरं, एवढा आरडाओरडा आहे तर पंधरा हजारांची घेऊ. देणगीचा पैसा आहे, शासनमान्य यादीची अडचण नाही. पण मराठी आधी, इंग्रजी उरल्या पैशात. विट्याच्या बाईंनी यादी द्यावी, कोयनाकाठ यांनी देऊ नये. फाटली की चिकटवायला मात्र कोयनाकाठ यांनीच यावं.

कोयनाकाठ
येते. टेप माझी. कुलूप काढा.

सीट क्रमांक 14
पोरांसाठी रविवारी अकरा ते एक आम्ही खोली सोडू शकतो. बाकीच्यांशी बोललोय.

माजी कार्यवाह
रविवारी त्या खोलीत समितीची मीटिंग असते.