'सेट' या शब्दाचे नक्की किती अर्थ?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, मराठी मिडियम. काल धड्यात 'द सन सेट्स' आलं तर विचारते सूर्य कुठे मांडून ठेवतात का, कारण तिला टी सेट आणि अलार्म सेट करणं एवढंच माहीत. मला नीट सांगताच आलं नाही, कसं समजवू?

उत्तर १: सिट म्हणजे बसणं आणि सेट म्हणजे बसवणं, इथून सुरू करा. आपण नाही का मोडलेलं हाड बसवतो, तिकडेही हाड सेटच करतात. सूर्य खाली बसला म्हणजे मावळला. टी सेटमधला सेट मात्र फ्रेंचमधून आलेला, त्याचं मूळ वेगळं.

उत्तर २: ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत १९८९च्या आवृत्तीत सेटचे ४३० अर्थ होते, त्यामुळे पाठ करायला लावू नका प्लीज, वाक्यातूनच कळू दे.

उत्तर ३: तिला आपलं 'लावणं' दाखवा ना, गजर लावतो, आग लावतो, विरजण लावतो, तिन्हीकडे इंग्लिशमध्ये सेट चालतं. आणि हो, भूतकाळातही सेटच राहतं, सेटेड नाही, पेपरात मुलं हमखास तिथेच चुकतात.